पिसाळलेलं कुत्रं आणि दहा मिनिटांची पट्टी

(फुलंब्री येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतांवर बोललं जातं, पाण्यावर, शेतमालाच्या भावावर बोललं जातं. यंदा संयोजकांनी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं आणि विषयही मलाच निवडायला सांगितलं. मी कुत्रं निवडलं, कारण जनावरांच्या दवाखान्याच्या पायरीवर एक प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे आणि त्याला सावकाश, बसून उत्तर देण्याची संधी तिथे कधीच मिळत नाही. प्रश्न असा असतो: "डॉक्टरसाहेब, पोराला कुत्रं चावलंय. कुत्र्याची टेस्ट करून सांगा, पिसाळलेलं होतं का. असेल तर इंजेक्शनं घेऊ."

कोविडनंतर हा प्रश्न वाढला. त्या दोन वर्षांत आपण सगळ्यांनी ती प्लॅस्टिकची डबी पाहिली. नाकात काडी, मग चार थेंब, पंधरा मिनिटं थांबायचं आणि एक रेघ की दोन ते बघायचं. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या किटला आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, मान्यता दिली आणि माणसं घरच्या घरी स्वतःची तपासणी करू लागली. माणसाची घरी होते, तर कुत्र्याची दवाखान्यात का होऊ नये? विचारणाऱ्याचं काहीच चुकत नाही. अशा पट्ट्या कुत्र्यांसाठीही आहेत. पार्वो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगांची आहे, रेबीजची, म्हणजे पिसाळण्याचीही, आहे. पण पहिल्या दोन पट्ट्या जिवंत कुत्र्यावर वापरता येतात आणि तिसरीला मेलेल्या कुत्र्याचा मेंदू लागतो. हा फरक ज्या घरात माहीत नसतो त्या घरातलं माणूस जातं. म्हणून आज मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. कुत्रं चावल्यावर लस घ्यायचा निर्णय पट्टीच्या आधी झाला पाहिजे, आणि पट्टी नंतर गावासाठी वापरली पाहिजे.

आधी ही पट्टी काय करते ते पाहू. डबीच्या आत नायट्रोसेल्युलोजची एक पांढरी चिंधोटी असते. एका टोकाला नमुन्याचे थेंब टाकले की समईच्या वातीत तेल चढावं तसा द्रव तिच्यातून पुढे सरकतो. वाटेत त्याला सोन्याचे कण भेटतात. खरंखुरं सोनं, पण इतकं बारीक केलेलं की ते पिवळं न दिसता लालसर दिसतं. प्रत्येक कणावर प्रतिपिंडं चिकटवलेली असतात, आणि ती एका ठरावीक विषाणूच्या प्रथिनालाच धरतात. नमुन्यात तो विषाणू असेल तर सोन्याचे कण त्याला धरून पुढे निघतात. पुढे एका आडव्या रेघेत त्याच विषाणूला धरणारी दुसरी प्रतिपिंडं बसवलेली असतात, ती त्यांना अडवतात. अडलेले कण साचतात आणि रेघ लाल होते. तिच्या पुढची कंट्रोलची रेघ एवढंच सांगते की द्रव शेवटपर्यंत पोचला, डबी चालू आहे. ती उमटली नाही तर बाकीचं काहीही वाचायचं नाही, डबी टाकून द्यायची. एकाच प्रकारची प्रतिपिंडं हवी तितकी तयार करण्याची पद्धत क्योलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली दाखवली आणि १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं. गरोदरपणाची पट्टी, कोविडची पट्टी आणि कुत्र्याची पट्टी, तिन्ही त्याच वाटेने आल्या.

पट्टीची मर्यादाही यातच आहे. पीसीआर तपासणीत विषाणूच्या जनुकाच्या थोड्याशा अंशाच्या कोट्यवधी प्रती काढल्या जातात, म्हणून थोडा विषाणूही सापडतो. पट्टी काहीच वाढवत नाही. नमुन्यात जेवढं आहे तेवढंच ती दाखवते, आणि तेही पुरेसं असेल तरच. म्हणून लाल रेघ आली तर ती बऱ्यापैकी विश्वासाची असते. रेघ आली नाही तर तिचा अर्थ "सापडला नाही" इतकाच घ्यायचा.

पार्वोचं उदाहरण घ्या, कारण ते तुमच्यापैकी अनेकांच्या अंगणात घडलं असेल. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू. काल उड्या मारत होतं, आज कोपऱ्यात मान टाकून बसलंय. आधी उलट्या, मग रक्ताची हगवण आणि तिचा तो वास, जो एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. १९७८ च्या आधी हा रोग जगाला माहीत नव्हता. मांजरांच्या एका विषाणूशी जवळचं नातं असलेला विषाणू कुत्र्यांत आला आणि दोन वर्षांच्या आत जगभर पसरला. उपचार न केलेली बहुतेक पिल्लं मरतात. सलाईन, उलटी थांबवणारी औषधं आणि रात्रंदिवस शुश्रूषा मिळाली तर त्यातली बहुतेक वाचतात. इथे पट्टी खरी उपयोगाची आहे. गुदद्वारातून कापसाची काडी फिरवायची, द्रवात घोळवायची, थेंब टाकायचे, दहा मिनिटांत उत्तर. सलाईन तर आपण उत्तराच्या आधीच लावलेलं असतं. उत्तराचा उपयोग बाकीच्या पिल्लांसाठी होतो. कोणाला वेगळं ठेवायचं, कुठली फरशी धुवायची, शेजाऱ्याला काय सांगायचं, हे त्यावरून ठरतं. हा विषाणू मातीत महिनोन् महिने जगतो, साध्या फिनाइलला दाद देत नाही. घरातलं कपडे धुवायचं ब्लीच, एक भागाला तीस भाग पाणी, आणि फरशीवर किमान दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. मातीच्या अंगणात तेही पुरत नाही, म्हणून ज्या अंगणात पिल्लू पार्वोने गेलं तिथे लस पूर्ण न झालेलं नवं पिल्लू आणू नका.

पार्वोची पट्टीही चुकते. लसीतला विषाणू जिवंत पण दुबळा केलेला असतो, त्यामुळे लस दिल्यावर काही दिवस निरोगी पिल्लाच्या विष्ठेतही रेघ उमटू शकते. उलट, आजार चार-पाच दिवस जुना झाला, विषाणू बाहेर पडणं कमी झालं की खऱ्या आजारातही रेघ येत नाही. पण पार्वो माणसाला होत नाही. त्या चुकीची किंमत पिल्लाच्या जिवात मोजली जाते, आणि ती मोठीच आहे. रेबीजच्या चुकीत माणूस जातो.

आता रेबीज.

जिवंत कुत्र्याच्या रक्ताची पट्टी करून "पिसाळलंय की नाही" सांगता येत नाही. दुकानात किंवा मोबाइलवर तशी जाहिरात दिसली तरी घेऊ नका. कारण त्या विषाणूच्या चालीत आहे. चाव्यातून तो स्नायूत उतरतो, तिथून मज्जातंतूत शिरतो आणि तंतूंच्या आतून मेंदूकडे चालत जातो. रक्तात तो जवळजवळ फिरकत नाही. शरीराला त्याची चाहूल इतकी उशिरा लागते की प्रतिपिंडं तयार होईपर्यंत कुत्रं मेलेलं असतं. मेंदूत पोचल्यावर तो उलट्या दिशेने तंतूंमधून लाळग्रंथीत उतरतो, आणि तिथेही त्याचं बाहेर पडणं सलग नसतं. सकाळच्या लाळेत सापडेल, दुपारच्या लाळेत नाही. म्हणून लाळ तपासून "नाही" म्हणणं धोक्याचं. रक्तातली प्रतिपिंडं मोजतात ती वेगळ्या कामासाठी, लस लागू पडली का हे बघायला. परदेशी जाणारी आपली माणसं कुत्रं सोबत नेतात तेव्हा अनेक देश तो आकडा मागतात. त्याचा पिसाळण्याशी काही संबंध नाही.

जिवंत कुत्र्यासाठी जी एक खात्रीची तपासणी आहे तिला किट लागत नाही, फक्त दहा दिवस लागतात. लाळेतून विषाणू येऊ लागला की त्यानंतर दहा दिवसांच्या आत कुत्र्यात लक्षणं दिसतात आणि ते मरतं. ज्या कुत्र्याने आज चावलं ते अकराव्या दिवशी भाकरी खात असेल, शेपूट हलवत असेल, तर चावल्या दिवशी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. पण हे दहा दिवस हातावर हात ठेवून काढायचे नाहीत. पहिली लस चावल्या दिवशीच. कुत्रं दहा दिवसांनी धडधाकट राहिलं तर पुढचे डोस थांबवायचे का ते डॉक्टर ठरवतील. आणि हा नियम कुत्र्या-मांजराचाच, माकडाला, कोल्ह्याला, मुंगसाला लागू होत नाही. ते कुत्रं नजरेआड झालं, मेलं किंवा मारलं गेलं, तर ते पिसाळलेलंच होतं असं धरून चालायचं.

हे निदान माणूस किती काळ शोधतोय ते थोडं सांगतो. सुश्रुतसंहितेत पिसाळलेल्या प्राण्याच्या दंशाचं आणि पाण्याच्या भीतीचं वर्णन आहे, आणि ती भीती आली की रोगी वाचत नाही असं सांगितलं आहे. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चरने नऊ वर्षांच्या योसेफ मायस्टरला लस टोचली तेव्हा कुत्रं पिसाळलेलं होतं हे कशावरून ठरवलं होतं? त्या कुत्र्याच्या पोटात गवत, पेंढा आणि लाकडाचे तुकडे निघाले होते. पिसाळलेलं कुत्रं अखाद्य वस्तू गिळतं, हेच त्या वेळचं निदान. १९०३ साली इटलीत नेग्रीला बाधित मेंदूच्या पेशींत गोल ठिपके दिसले. ते ठिपके रंगवून पाहणं झटपट होतं, पण अनेक पिसाळलेल्या कुत्र्यांत ते सापडतच नसत. मग मेंदूचा अंश उंदरांना टोचून अठ्ठावीस दिवसांपर्यंत वाट पाहण्याची रीत आली. अठ्ठावीस दिवस! ज्याला चावलंय त्याच्या घरात तेवढे दिवस काय होत असेल? १९५८ साली गोल्डवॉसर आणि किसलिंग यांनी चमकणारी प्रतिपिंडं वापरून मेंदूचा ठसा तपासण्याची पद्धत आणली. खास सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू हिरवा चमकतो, काही तासांत उत्तर मिळतं. आजही जगात कोणतीही नवी तपासणी याच पद्धतीशी ताडून बघितली जाते. तिच्यासाठी लागतो महागडा सूक्ष्मदर्शक, प्रशिक्षित माणूस आणि चोवीस तास वीज. फुलंब्रीहून त्यासाठी मोठी प्रयोगशाळाच गाठावी लागते. रेबीजसाठी जागतिक संदर्भ प्रयोगशाळा म्हणून मान्यता असलेली संस्था बंगळूरला आहे, इथून हजार किलोमीटरच्या आसपास.

हे अंतर कापण्यासाठी मेंदूची पट्टी आली. कवटीच्या मागे, जिथून मज्जारज्जू बाहेर पडतो त्या भोकातून एक प्लॅस्टिकची नळी डोळ्याच्या दिशेने सरकवायची. नळीत मेंदूच्या खोडाचा आणि लहान मेंदूचा तुकडा येतो. कवटी फोडावी लागत नाही, मेंदूचे कण हवेत उडत नाहीत. तुकडा द्रवात कालवायचा, थेंब टाकायचे. हे काम ज्याने स्वतः रेबीजची लस आधीच घेतली आहे, ज्याच्या हातात जाड मोजे आणि तोंडावर चेहराभर ढाल आहे, त्यानेच करायचं. पण सूक्ष्मदर्शक लागत नाही, वीज लागत नाही, दहा-पंधरा मिनिटं लागतात.

मग भरवसा किती? २०१६ साली युरोपातल्या एका प्रयोगशाळेने वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून तपासल्या, तेव्हा काहींनी बहुतेक बाधित नमुने सोडून दिले. त्याच वर्षी आफ्रिकेतल्या चाड देशात काम करणाऱ्या गटाने नमुना कमी पातळ करून चांगली पट्टी वापरली आणि तिचं उत्तर मुख्य तपासणीशी बऱ्यापैकी जुळलं. म्हणजे कंपनी कोणती, कोणत्या खेपेची डबी, नमुना मेंदूच्या कुठल्या भागाचा, तो किती सडलेला, यावर सगळं अवलंबून. जागतिक आरोग्य संघटना म्हणूनच या पट्टीच्या एकट्या उत्तरावर रोग्याबद्दलचा निर्णय घेऊ देत नाही.

हे मला हिशेबाने समजावू द्या. हे आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, मोजलेले नाहीत. समजा आपल्या भागातून शंभर संशयित कुत्र्यांचे मेंदू तपासले आणि त्यातली साठ खरोखर पिसाळलेली होती. पट्टी चांगली आहे, शंभरातली पंच्याण्णव पकडते. साठातली तीन सुटली. प्रत्येक कुत्र्याने दोन-दोन माणसांना चावलेलं होतं असं धरा. सहा माणसं झाली. त्या सहांना आपण "निगेटिव्ह आहे, जा घरी" असं सांगितलं तर त्यातलं जे कोणी आजारी पडेल त्याला वाचवायला जगात औषध नाही. पंच्याण्णव टक्के हा आकडा परीक्षेत उत्तम, इथे पुरत नाही. म्हणून रेघ आली तर लगेच धावायचं, आणि नाही आली तरी लस चालू ठेवायची, नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा.

आयसीएमआरच्या २०२२-२३ च्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की भारतात वर्षाला सुमारे ९१ लाख जणांना प्राणी चावतात आणि ५,७२६ माणसं रेबीजने मरतात. पूर्वीचा अंदाज वीस हजारांच्या आसपास होता, म्हणजे घट झाली आहे. तरीही रोज पंधरा-सोळा माणसं. लस गावोगावी पोचली त्यामुळे आकडा उतरला. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली, पोटात चौदा सुया घ्यायला लावणारी जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास पूर्ण बंद झाली. आता दंडात किंवा कातडीत सुई असते, मोजकेच डोस, आणि खोल जखमेला भोवतीने सीरम, म्हणजे तयार प्रतिपिंडं. पण त्या चौदा सुयांची भीती अजून गेलेली नाही. आजी नातवाला अजून तेच सांगते, आणि भीतीपोटी माणसं मिरची, चुना, हळद, तंबाखू जखमेत भरतात, काशाची थाळी पाठीला लावून विष उतरवणाऱ्याकडे जातात. माझी हात जोडून विनंती आहे: नळाखाली पंधरा मिनिटं साबणाने जखम धुवा आणि सरळ ग्रामीण रुग्णालयात जा. या विषाणूच्या अंगावर चरबीचं आवरण असतं, साबण ते फोडतो. सगळ्यात स्वस्त औषध प्रत्येकाच्या मोरीत आहे.

मग ही पट्टी कोणासाठी? गोव्याने याचं उत्तर दिलं आहे, आणि ते आपल्या शेजारचं आहे म्हणून मी त्यावर जरा थांबतो. मिशन रेबीज ही संस्था आणि गोवा सरकार यांनी २०१३ पासून तिथे काम उभं केलं. दरवर्षी ९५ हजारांवर कुत्र्यांना लस, तीही मोबाइलच्या नकाशावर गल्ली-गल्ली वाटून दिलेल्या पथकांकडून, म्हणजे कोणती वाडी राहिली ते त्याच संध्याकाळी दिसायचं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, ते सत्तर टक्के त्यांनी गाठले. वर्षाला दीड लाख मुलांपर्यंत शाळांमधून माहिती पोचवली. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधला रेबीज महिन्याच्या हिशेबात ९२ टक्क्यांनी उतरला आणि माणसांमधले मृत्यू थांबले. २०२१ साली गोव्याने स्वतःला रेबीजमुक्त जाहीर केलं.

या कामात पट्टीची जागा बघण्यासारखी आहे. संशयित कुत्र्याची खबर एका फोन नंबरवर यायची, पथक निघायचं. मेंदूचा नमुना पट्टीवर आणि मग पणजीजवळच्या टोंक इथल्या सरकारी प्रयोगशाळेत चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी. पट्टीवर रेघ आली की त्या कुत्र्याने आणखी कोणाला चावलं का याचा शोध, आणि त्या वाडीभोवतीच्या कुत्र्यांना पुन्हा लस. ज्याला आधीच चावलं होतं त्याची लस पट्टीसाठी थांबलेली नव्हती. पट्टीने शोधून काढलं त्या माणसाला, जो ओरखडा म्हणून घरी बसला होता. माझ्या मते या साधनाचं खरं मोल इथे आहे. ज्याने दवाखाना गाठलाच नाही त्याच्या दारात ती आपल्याला पाठवते.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, एकट्या आपल्या जिल्ह्याची ३७ लाख. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात पावणेतेरा लाख मोकाट कुत्री मोजली गेली. म्हणजे गोव्याची रीत जशीच्या तशी इथे उतरणार नाही, हे मला मान्य आहे. पण तालुका हा आकार झेपण्यासारखा आहे.

आणि आपल्या तालुक्यात कुत्र्याइतकीच गाय-म्हैस महत्त्वाची. रात्री गोठ्यात कुत्रं शिरून चावून जातं, कोणाला पत्ता लागत नाही. महिना-दोन महिन्यांनी म्हैस चारा सोडते, लाळ गाळते, आवाज घोगरा होतो, सारखी कुंथते. मालकाला वाटतं घशात काही अडकलंय. तो कोपरापर्यंत हात तोंडात घालतो. शेतकरी बांधवांनो, लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नका, आधी आम्हाला बोलवा. मी हे कितीदा सांगितलं आणि कितीदा उशिरा सांगितलं, मोजता येणार नाही. अशा जनावराचं दूध कोणी प्यायलं की गावात घबराट उडते, दवाखान्यात रांग लागते. उकळल्याने हा विषाणू मरतो, उकळलेल्या दुधातून कोणाला रेबीज झाल्याचं माहीत नाही. खरा धोका दूध पिणाऱ्यापेक्षा हात घालणाऱ्याला असतो, आणि रांगेत तोच नसतो. जनावर मेल्यावर त्याच्या मेंदूची तीच पट्टी करता येते, आणि रेघ आली तर हात घालणाऱ्याला शोधून लगेच दवाखान्यात पाठवता येतं.

सुरुवातीला नाव घेतलेल्या डिस्टेंपरबद्दल थोडक्यात सांगतो. नाका-डोळ्यांतून पू, खोकला, मग झटके. डोळ्याच्या कोपऱ्यातून काडी फिरवून पट्टी करता येते. माणसाला तो होत नाही, पण जंगलाला होतो. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत दोन डझनांच्या जवळपास सिंह मेले आणि त्यात हाच विषाणू असल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, एनआयव्हीने, दाखवलं. आपल्या शेजारी गौताळ्याचं जंगल आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या उसाच्या पट्ट्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा गावच्या कुत्र्यांचा निघाला. बिबट्या जे खातो त्याचा रोगही खातो. वस्तीवरच्या कुत्र्याला लस देणं हे वनखात्याचंही काम आहे असं मी म्हणतो ते यामुळे.

आता आपल्या तालुक्यात काय करता येईल ते सांगतो. पिसाळलेलं कुत्रं दिसलं की माणसं काठ्या घेऊन धावतात आणि डोक्यातच घालतात. भीती मी समजू शकतो. पण डोकं फुटलं की मेंदूचा चिखल होतो, आसपास रक्त उडतं, मारणाऱ्यांच्या हातापायाच्या भेगांत ते जातं, आणि तपासायला काही उरत नाही. मग ते कुत्रं नाल्यात फेकतात किंवा पुरतात. चावलेल्या माणसाशी जोडलेला एकमेव पुरावा गेला. सरकारी नियमही असं सांगतो की संशयित कुत्र्याला पकडून वेगळं ठेवावं, नैसर्गिक मरण येऊ द्यावं; ते बहुतेक दहा दिवसांच्या आत येतंच. पोरांना लांब ठेवा, कुत्र्याला एखाद्या वाड्यात, खोलीत कोंडता आलं तर कोंडा, स्वतः पकडायला जाऊ नका, फोन करा. मेलेलं सापडलं तर हात न लावता पोत्याखाली सावलीत ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात मेंदू काही तासांत सडायला लागतो आणि सडलेल्या मेंदूवर पट्टीही चुकते, मोठी तपासणीही चुकते. नमुना बर्फावर पाठवायचा, फॉर्मेलिनमध्ये बुडवायचा नाही.

कळवणं ऐच्छिक नाही, हेही सांगून ठेवतो. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीचा २००९ चा केंद्रीय कायदा आहे, त्याच्या यादीत रेबीज आहे. जनावराच्या मालकाने, ग्रामपंचायतीने संशय आल्यास कळवायलाच हवं. हा कायदा गावात कोणी वाचलेला नसतो, आणि तो वाचून दाखवणं ग्रामसभेत पाच मिनिटांचं काम आहे.

६ जुलैला प्राणिजन्य रोग दिन आणि २८ सप्टेंबरला रेबीज दिन म्हणून आपल्याकडे लसीकरण शिबिरं होतात. तिथे साखळीतली, नाव ठेवलेली कुत्री येतात. खळ्यावरची, उकिरड्यावरची, मेंढपाळांच्या कळपासोबत अजिंठ्याच्या रस्त्याने येणारी-जाणारी कुत्री येत नाहीत, आणि सत्तर टक्क्यांचं गणित त्यांच्यावर उभं आहे. शिबिराचा मंडप सोडून जाळं आणि लसीची पेटी घेऊन आपल्याला त्यांच्याकडे जावं लागेल. मेंढपाळांच्या मुक्कामांची माहिती त्यांच्याइतकी कोणालाच नसते. त्यांना आधी विचारलं तर ते स्वतः कुत्री धरून देतात.

आणि शेवटचं. आज जखमेवर लस देणारं ग्रामीण रुग्णालय आणि कुत्र्याला बघणारा जनावरांचा दवाखाना, दोघांच्या वह्या वेगळ्या. एकीकडे चावलेल्याचं नाव लिहिलं जातं, दुसरीकडे मेलेल्या कुत्र्याचं गाव, आणि दोन्ही नोंदी एकमेकींना भेटत नाहीत. मला त्या दोन वह्यांचा एक समाईक रकाना हवा आहे: कुत्र्याचं ठिकाण आणि दहाव्या दिवशीची त्याची स्थिती. सोबत एक बर्फाची पेटी, तपासलेल्या चांगल्या पट्ट्यांचा एक खोका, लस घेतलेली दोन प्रशिक्षित माणसं आणि भिंतीवर रंगवलेला एक फोन नंबर. या मागणीचा अर्ज मी पंचायत समितीच्या नावाने लिहून आणला आहे. त्यात प्रत्येक गावासाठी एका माणसाच्या नावाची जागा रिकामी ठेवली आहे, जो दहाव्या दिवशी जाऊन ते कुत्रं जिवंत आहे का ते बघून येईल. अर्ज मागच्या टेबलावर आहे. आपापल्या गावाचं नाव त्यात भरूनच जा.